जेवढं घेतलं तेवढं परत

घरात समुद्राचं पाणी सांभाळायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मासे येतात. माझ्या डोळ्यांपुढे येतो अल्कलिनिटीचा आकडा. मासा दुखणाईत पडला तर दिसतो, दिवा गेला तर लगेच कळतं, तापमान तर काचेवरच्या पट्टीवर वाचता येतं. अल्कलिनिटी चढते-उतरते तेव्हा मात्र पाणी होतं तसंच नितळ असतं. काही दिवसांनी प्रवाळ मिटून बसतात, काचेवरची गुलाबी पुटं पांढरट पडतात, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. म्हणून या छंदातलं मुख्य काम मी एवढंच मानतो : टाकीतले जीव पाण्यातून रोज जेवढं काढून घेतात, तेवढं रोज परत द्यायचं. जास्त नाही, कमी नाही, आणि एकदम तर नाहीच.

पोखर्णी हे नृसिंहाचं गाव, परभणीहून गंगाखेडला जाताना लागणारं. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत धरला तरी सुमारे ४०० किलोमीटर लांब. माझी टाकी २०० लिटरची. तिच्यात समुद्रातून उचललेला एकही दगड नाही. कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते घरात आणायचे नाहीत, ही माझी पहिली अट. टाकीतला दगड सिमेंटचा आहे. त्यातला चुना पाण्यात उतरायचा थांबेपर्यंत तो महिनोन्‌महिने साध्या पाण्यात भिजत ठेवावा लागला. त्यावर टाकीतच वाढवलेले मऊ प्रवाळ आहेत, मशरूम आणि झोअँथिड. पैदास केंद्रातल्या क्लाउनफिशची जोडी आहे, आणि शंखाच्या गोगलगायी आहेत. या गोगलगायींच्या पाठीवरून आलेलं कोरलाइन शेवाळ आता दगडभर जांभळं-गुलाबी पसरलंय. हे शेवाळ आपल्या पेशींच्या भिंतींत चुना भरतं, गोगलगायी शंख वाढवतात. अल्कलिनिटी खर्च होते ती मुख्यतः या दोघांमुळे.

आमच्या भागात ही गोष्ट समजायला पुस्तक लागत नाही. ज्याच्या शेतात बोअरच्या पाण्यावर ठिबक आहे, त्याला ती रोज दिसते. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरं कीट धरतं आणि पाणी यायचं थांबतं. मग नळ्यांतून ॲसिड सोडावं लागतं. किती सोडायचं हे ठरवायला बादलीभर पाण्यात थोडं थोडं ॲसिड टाकत जायचं आणि सामू ४ पर्यंत उतरायला किती लागलं ते मोजायचं. कुणाच्या बोअरला थोडक्यात भागतं, कुणाच्या बोअरला दुप्पट लागतं. पाणी ॲसिडला जेवढं दाद देत नाही, तेवढी त्याची अल्कलिनिटी. ती येते मुख्यतः बायकार्बोनेटमधून. शेजारचे आबा एकदा टाकीपाशी उभे राहून म्हणाले, “सर, आमी जे ॲसिड सोडून काढतो, तेच तुमी तोलून टाकायलाव का?” मी म्हटलं, “हो आबा. तुमच्या नळीत जे कीट धरतं, त्याचाच हे जीव शंख करतात.” आबांनी मान डोलावली आणि काचेला चिकटलेल्या गोगलगायीकडे बराच वेळ बघत राहिले.

माझी तपासणीही त्यांच्या बादलीसारखीच, फक्त मापं लहान. परीक्षानळीत टाकीतलं १० मिलिलिटर पाणी घ्यायचं. त्यात तपासणीचं द्रावण थेंबथेंब टाकायचं. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं. त्या द्रावणात ॲसिडही असतं आणि रंगही. बाटली उभी सरळ धरायची, म्हणजे सगळे थेंब सारखे पडतात. प्रत्येक थेंबानंतर नळी हलवून पांढऱ्या कागदासमोर धरायची. निळा रंग हळूहळू मळत जातो, मधेच हिरवट होतो आणि मग एका थेंबाला सगळी नळी पिवळी पडते. थेंब मोजायचे आणि निम्मे करायचे : १६ थेंब म्हणजे ८ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक). खुल्या समुद्रात हा आकडा ७ च्या आसपास असतो. घरच्या टाक्या ७ ते ११ च्या मधे कुठेही ठेवल्या जातात. मी ८ धरतो. ८ चांगले की ९, या वादात मी पडत नाही. आज ८, उद्या १०, परवा ७ अशी ओढाताण मात्र जिवावर बेतते. काही कारणानं आकडा घसरलाच, तरी दिवसाला १ पेक्षा जास्त वर चढवायचा नाही.

रोजचा खर्च काढायचा तर दोन-तीन दिवस काहीच घालायचं नाही आणि रोज ठरल्या वेळी मोजायचं. माझ्या टाकीत दिवसाला साधारण ०.३ उतरतात. खाण्याचा सोडा १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की १ डीकेएच वाढतो. म्हणजे २०० लिटरला ६ ग्रॅम, आणि माझ्या रोजच्या तुटीला दोन ग्रॅमहून थोडा कमी. सोडा म्हणजे सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात ॲसिड मिसळलेलं असतं. हिशोब इतका सोपा आहे, पण तो कायमचा नाही. शेवाळ पसरतं तसा खर्च वाढतो, दिव्याची वेळ बदलली की बदलतो. वही ठेवावी लागते ती यासाठी.

सोड्यानं फक्त अल्कलिनिटी मिळते, कॅल्शियम नाही. शंखाला दोन्ही लागतात, आणि ठरल्या प्रमाणात : २.८ डीकेएच खर्च झाले की लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलेलं असतं. नेमक्या याच प्रमाणात दोन्ही देणारी वस्तू म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतली चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात ढवळायचं, झाकण लावून रात्रभर निवू द्यायचं. सकाळी वर पातळ पांढरी साय आलेली असते, तळाशी गाळ बसलेला असतो. दोन्ही न हलवता मधलं स्वच्छ पाणी नळीनं ओढून घ्यायचं. हातमोजे घालायचे, कारण त्याचा सामू १२ च्या वर असतो. माझ्या टाकीला अशी अर्धा लिटर निवळी रात्रभरात पुरते, आणि ती थेंबथेंबच गेली पाहिजे. एकदम ओतली तर टाकीत पांढरा भुगा होतो आणि द्यायला निघालेलं सगळं तळाला बसतं.

पाण्याचा प्रश्न इथं वेगळाच. नृसिंह जयंतीच्या सुमाराला पारा ४३-४४ वर जातो, टाकीवर पंखा लावावा लागतो आणि रोज तीन लिटरपर्यंत पाणी उडून जातं. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ आणि बाकीचे क्षार मागेच राहतात. म्हणून भर घालायची ती क्षार नसलेल्या पाण्याचीच. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट आयतं आहे, तेच का वापरू नये, असं बरेच जण विचारतात. पण त्यात सिलिका असते, खतांमधलं नायट्रेट असतं, आणि चैत्रातलं पाणी श्रावणात तसं राहत नाही. सिलिकेनं काच तपकिरी होते, नायट्रेटनं हिरवी. आरओमधून जे पाणी बाहेर टाकलं जातं ते आमच्याकडे फरशीला आणि भांड्यांना जातं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात पाणी गटारात सोडून समुद्र पाळायचा मला अधिकार नाही.

याच दिवसांत एक कोडं हमखास पडतं. उन्हाच्या तडाख्यानं दारं-खिडक्या दिवसभर बंद, घरात माणसं जास्त. संध्याकाळी सामू मोजावा तर नेहमीच्या ८.२ ऐवजी ७.९. नवख्याचा हात लगेच सोड्याकडे जातो. पण अल्कलिनिटी मोजली तर ती ८ च्या ८. पाण्यात काही कमी झालेलं नसतं. खोलीतल्या हवेत श्वासांचा कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, तो पाण्यात विरघळतो आणि सामू खाली ओढतो. इथं सोडा घालणं म्हणजे रोग एक, औषध दुसरं. उन्हं कलल्यावर खिडकी उघडली की रात्रीतून सामू जागेवर येतो. या छंदात मी जे काही शिकलो, त्यात हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

कारण बाहेरच्या समुद्राचंही नेमकं हेच चाललंय. समुद्राची अल्कलिनिटी येते मुख्यतः जमिनीवरच्या खडकांतून, आणि त्यात आपला काळा पाषाणही आला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, बेसाल्ट झिजवतं, आणि त्या कार्बनचं बायकार्बोनेट होतं. त्यातलं काही आमच्या रानात चुनखडी होऊन बसतं, काही बोअरमध्ये उतरतं, उरलेलं गंगाखेडवरून गोदावरीच्या पाण्यात बंगालच्या उपसागराला जातं. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक आजही, बेसाल्टच्या इतर मुलखांसारखाच, समुद्रातल्या शिंपल्यांना त्यांचा वाटा पोचवतोय. पण त्याची चाल खडकाची. औद्योगिक काळाआधी हवेत दशलक्ष भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता तो ४२० च्या वर गेलाय. त्यानं समुद्राचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला. एवढ्याशा फरकात आम्लता पाव पटीहून अधिक वाढते आणि सांगाडा बांधायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. मालवणच्या प्रवाळांना पाण्याच्या वाढत्या उष्णतेसोबत हेही सोसावं लागतंय.

ठेचलेला बेसाल्ट शेतात पसरून खडकाची ही चाल वाढवता येईल का, याचे प्रयोग जगात चालू आहेत. ते यशस्वी व्हावेत असं मला मनापासून वाटतं; काळ्या पाषाणाची आपल्याकडे ददात नाही. पण अल्कलिनिटी जागच्या जागी असताना सामू उतरतो तेव्हा दोष हवेत असतो, आणि उपाय हवेवरच करावा लागतो. माझ्या खोलीला खिडकी आहे, बाहेर ताजी हवा आहे. समुद्रावर जी हवा आहे तीच सगळ्या पृथ्वीची. तिच्याबाहेर उघडणारी दुसरी खिडकी नाही. धूर कमी करणं हे पहिलं काम, सोडा आणि दगडाची भुकटी त्यानंतर. टाकी बघायला गावातली मुलं येतात तेव्हा मी त्यांच्या हातात आधी परीक्षानळी देतो आणि सामू आणि अल्कलिनिटी, दोन्ही आकडे त्यांनाच काढायला लावतो. कशात काय कमी आहे हे मोजल्याशिवाय पाण्यात काहीही घालायचं नाही, एवढी सवय त्यांना लागली तरी मला पुष्कळ आहे.