समरलँडचा किनारा
(प्रवासाची दैनंदिनी, भाग ३)

शुक्रवार, मेलबर्न

उद्या फिलिप आयलंड. अंतर १४० किलोमीटर, म्हणजे बिदरहून हैदराबादइतकं. नोव्हेंबर हा इथे उन्हाळ्याच्या तोंडावरचा महिना, तरी लेकीनं सगळ्यांच्या कानटोप्या बॅगेत भरल्यात.

शनिवार, फिलिप आयलंड

सॅन रेमोचा पूल ओलांडला की बेट सुरू होतं. संध्याकाळी समरलँडच्या किनाऱ्यावर लाकडी पायऱ्यांवर जाऊन बसलो. भोवती शेकडो माणसं. पेंग्विनांचे फोटो काढायला सक्त मनाई, त्यामुळे फोन खिशात आणि डोळे समुद्राकडे. हा नियम मला फार आवडला.

सूर्य सव्वाआठनंतर मावळला. बराच वेळ नुसत्या लाटा. मग फेसात काहीतरी काळं हललं आणि पाच-सहा पाखरं वाळूवर ताठ उभी राहिली. एक समुद्रपक्षी वरून गेला मात्र, सगळी उलटी पाण्यात! पुन्हा आली, पुन्हा पळाली. नातीनं माझा हात घट्ट धरला. "आजोबा, ती घाबरलीत." खरंच होतं ते. एवढ्या उघड्या वाळूत त्यांना लपायला जागा नसते. दिवसा गरुडाची भीती, म्हणून अंधार पडेस्तोवर थांबायचं आणि घोळक्यानंच वाळू ओलांडायची. शेवटी दहा-बाराजण जमले, माना खाली घातल्या आणि दुडुदुडु धावत गवतात शिरले. पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

मुंबईला राणीच्या बागेत २०१७ पासून लोक काचेआडचे पेंग्विन बघतात. ते हम्बोल्ट जातीचे. हे 'लिटल पेंग्विन', पेंग्विनांत सगळ्यांत लहान. फूटभर उंची, किलोभर वजन, पाठ निळसर. बर्फाशी यांचा संबंध नाही. इथल्या मातीत बीळ करून राहतात.

परतताना लाकडी पायवाटेच्या दोन्ही अंगांना बिळंच बिळं. काही ठिकाणी माणसांनी लाकडी खोकी पुरून दिलीत. सध्या पिल्लांचे दिवस. आईबाप आळीपाळीनं समुद्रावर जातात आणि पोटात मासे भरून आणतात. एक पिल्लू दाराशी येऊन ओरडत होतं, समोरून दोन पेंग्विन आले, तिसरा आला, एकही त्याचा नव्हता. आम्ही तिथून हलेचना. चौथा थेट त्याच्यापाशी गेला आणि त्याच्या चोचीत चोच घातली. आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

गाडीतळावर पाटी होती : गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पेंग्विन नाही ना, ते बघा. जावईबापूंनी चारही चाकं तपासली.

रविवार, फिलिप आयलंड

काल जिथे गवत पाहिलं तिथे पूर्वी वसाहत होती. समरलँड इस्टेट नावाची, शंभरावर घरांची, रस्ते-कुंपणांसकट. बेटावर एकेकाळी पेंग्विनांच्या दहा वसाहती होत्या, उरली ती ही एक. बिळांवर घरं आली, कुत्री आणि मोटारी आल्या, कोल्हे तर होतेच. १९८५ साली व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारनं ठरवलं की घरं विकत घेऊन जमीन पाखरांना परत द्यायची. काम २०१० मध्ये पुरं झालं. पंचवीस वर्षं लागली, यावरूनच कळतं की सगळे काही हसत उठले नसतील. २०१७ मध्ये बेट कोल्हामुक्त जाहीर झालं. आज इथे सुमारे चाळीस हजार पेंग्विन आहेत.

मी सकाळभर त्या उतारावर उभा राहिलो. धरणासाठी गावं उठलेली आम्ही बिदरकडे कारंजा नदीच्या काठी पाहिलीत. पाखरासाठी माणसं उठली, हे पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या औराद भागात हरणं तुरीत शिरतात, शेतकरी रात्र-रात्र जागल करतो. हरणं जगावीत असं त्यालाही वाटतं, पण त्याची झळ त्यानं एकट्यानंच का सोसायची? इथे निदान किंमत सगळ्यांच्या तिजोरीतून मोजली गेली.

लेकीला विचारलं, त्या घरमालकांपैकी कुणी आता तिकीट काढून इथे येत असेल का गं? तिला सांगता येईना. त्यांच्यातल्या एखाद्याशी तासभर बोलायला मिळालं असतं, तर मी आणखी एक दिवस राहिलो असतो.