पाचवे चाक

घुग्घुसला कोणी हवापालटासाठी येत नाही. चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, वर्धा नदीच्या काठचे हे आमचे गाव. इकडे कोळशाच्या खाणी, तिकडे सिमेंटचा कारखाना, आणि मधून रात्रंदिवस धावणारे ट्रक. सकाळी पुसलेला व्हरांडा दुपारपर्यंत काळा होतो. दिवाळीत रांगोळी घालायची तर आमच्या मंडळींना अंगण दोनदा धुवावे लागते. माझी सारी नोकरी खाणीच्या कचेरीत गेली. अशा माणसाने दिवाळी अंकात टायरांविषयी लिहावे, याचे शहरातल्या वाचकांना नवल वाटेल. पण ज्याची लेक भामरागडच्या पलीकडे आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे, त्याच्या घरी टायर हा जिव्हाळ्याचा विषय होतो.

तिला दिवाळीत रजा मिळत नाही. म्हणून पाडव्याच्या पहाटे फराळाचे डबे जीपमध्ये भरून आम्ही निघतो आणि भाऊबीज तिच्या क्वार्टरमध्ये साजरी करतो. दोनशेहून थोडे अधिक किलोमीटरांचा हा प्रवास. घुग्घुस सोडले की चंद्रपूरपर्यंत कोळशाच्या ट्रकांची सोबत. पुढे बल्लारपूरच्या कागद कारखान्यावरून कोठारी, गोंडपिपरी. मग वैनगंगेचा भला थोरला पूल आणि आष्टी. आष्टीपासून आलापल्लीपर्यंत रस्ता डांबरी खरा, पण खनिजाच्या ट्रकांनी त्याची चाळण केलेली. आलापल्लीपासून रूपच पालटते. आभाळाला भिडलेले साग, बांबूची बेटे, मधूनच एखादे माडिया पाडे आणि भाताची पिवळी खाचरे. वाटेत हेमलकसा लागते. 1973 साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा हा रस्ता कसा असेल, असा विचार दर वेळी मनात येतो. भामरागडाला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. त्याच्यापुढे आमच्या लेकीच्या गावाला बारा किलोमीटरांची कच्ची वाट. थोडा मुरूम, थोडी रेती, दोन नाले.

2023 सालच्या पाडव्याला याच बारा किलोमीटरांनी आमची परीक्षा पाहिली. समोरून बैलगाडी आली, म्हणून चिरंजीवांनी जीप बाजूच्या झुडपात घेतली. तिथे तोडलेल्या बांबूचा खुंट होता, सुरीसारखा तिरपा. मागच्या टायरची बाजू वीतभर फाटली. तळाला खिळा घुसला तर पंक्चर निघते; बाजूची भिंत फाटली की ठिगळ चालत नाही. आम्ही जॅक लावला आणि स्टेपनी चढवली. तिची नक्षी कोरी करकरीत. मी अभिमानाने म्हणालो, "पाहा, दहा वर्षे जपून ठेवली आहे!" तीन किलोमीटर गेलो नाही तोच तीही फाटली. दिवस बुडालेला, मोबाइलला रेंज नाही, आणि मागे चकल्यांचे डबे.

साताच्या सुमारास समोर दिवे दिसले. पाचला येणारी माणसे आली नाहीत म्हणून लेकीने केंद्राची रुग्णवाहिका शोधायला पाठवली होती. चालकाने बॅटरीच्या उजेडात टायर पाहिला, बोटाने रबराच्या भेगा दाखवल्या आणि म्हणाला, "काकाजी, हा म्हातारा झाला जी. वरतून चांगला दिसते, पण आतून जीव गेला त्याचा." फराळासकट आम्ही रुग्णवाहिकेतून केंद्रावर पोहोचलो. मला त्या गमतीचे हसू येत होते. पण लेक हसली नाही. तिने पाणी दिले, आईला जवळ घेतले आणि हळूच म्हणाली, "बाबा, गाडी दोन तास इथे नव्हती. तेवढ्यात एखादी बाळंतीण अडली असती तर?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाचकहो, कंजूषपणा आपल्या खिशाला परवडतो. तो कोणाच्या जिवावर उधार ठेवलेला असतो, हे आपल्याला ठाऊक नसते.

2024 च्या पावसाळ्यानंतर मी टायर बदलायला काढले. घरात दोन पक्ष पडले. चिरंजीवांना हवे होते चिखलाचे टायर, दुकानात ज्यांना एम. टी. म्हणतात ते. मगरीच्या पाठीसारख्या त्यांच्या गोट्या, आणि दिसायला मोठे रुबाबदार! आमच्या मंडळींचे मत, स्वस्त ते घ्या आणि उरलेल्या पैशांत मुलीला मिक्सर न्या. मी दोघांना घेऊन आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने एकच प्रश्न विचारला.

"शंभरातले किती किलोमीटर डांबर आहे जी?"

"नव्वदाच्या वर."

"मग दहासाठी नव्वदाला काहून रडवता?"

त्याने समजावले ते असे. निव्वळ रस्त्याचा टायर, म्हणजे एच. टी., डांबरावर शांत चालतो, ओल्या रस्त्यावर चांगला थांबतो आणि पुष्कळ टिकतो; पण दगडधोंड्यांत त्याची बाजू नाजूक. चिखलाचा टायर नाल्यातून बाहेर काढील. पण हमरस्त्यावर भुंग्यासारखा गुणगुणेल, डिझेल जास्त पिईल, लवकर झिजेल आणि पावसात ब्रेक दाबल्यावर उशिरा थांबेल. शिवाय आमच्या वरोरा-घुग्घुसकडची काळी माती कोणाचीच भीड धरीत नाही. ती मोठ्या गोट्यांच्या फटींतही लिंपून बसते, आणि मग चिखलाचा टायरही गुळगुळीत गोट्यासारखा घसरतो. या दोहोंमधला तो ए. टी. नक्षी मध्यम खोल, आणि चांगल्या प्रतीचा घेतला तर बाजू जाड. आमच्यासारख्या मिश्र प्रवासाला तोच बरा. चिरंजीवांचा चेहरा पडला, पण हिशेब त्यांनाही पटला.

मग आम्ही टायरची पत्रिका वाचायला शिकलो. स्वतःच्या लग्नात मी पत्रिका पाहिली नव्हती, ती हौस इथे फिटली. आमच्या जीपचा आकडा 235/70 आर 16. म्हणजे रुंदी 235 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 70 टक्के, 'आर' म्हणजे रेडियल आणि रिम 16 इंचांची. पुढे 106 एस. यातला 106 सांगतो की एका टायरने 950 किलो भार उचलावा, आणि 'एस' सांगतो की ताशी 180 किलोमीटरपर्यंत त्याला भीती नाही. 180 ची आम्हाला गरज नाही. भाराची मात्र आहे, कारण आमच्या मंडळींचा फराळ हलका नसतो. चिरंजीवांनी शेवटचा प्रयत्न म्हणून 245/75 चा मोठा टायर सुचवला. मिस्त्रीने कागदावर गणित मांडले: व्यास 735 मिलिमीटरवरून 774 वर जाणार, म्हणजे पाच टक्के अधिक. काटा 80 दाखवील तेव्हा गाडी खरी 84 वर असेल, आणि चढावर इंजिनाला ओढ लागेल ती वेगळीच. बेत बारगळला.

पत्रिकेतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शेवटचे चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या लाडक्या स्टेपनीवर 2313 होते. म्हणजे 2013 सालचा तेविसावा आठवडा! दहा वर्षे ऊन, पाऊस आणि घुग्घुसची धूळ खाऊन ते रबर कडक झाले होते. नक्षी झिजली नाही म्हणून टायर तरुण राहत नाही.

आम्ही चार घेतले नाहीत, पाच घेतले. पाचही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. मिक्सर पुढच्या वर्षावर गेला. हवेचा काटा आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंपही घेतला.

त्या पाडव्याला डांबरावर आम्ही 35 हवा ठेवली. भामरागड ओलांडल्यावर थांबून ती 26 वर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, रेतीत रुतत नाही आणि खडकावर आपटण्याऐवजी दबतो. पण फार कमी केली तर बाजू बाहेर फुगते आणि खुंटाला आयतीच सापडते. म्हणून बेताने, आणि वेगही बैलगाडीहून थोडा बरा इतकाच. परतताना डांबर लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटायचा.

तोच खुंट अजून तिथे होता. चिरंजीव खाली उतरले, पुढे चालत गेले आणि हाताने इशारे करीत त्यांनी जीप पार करवली. दोन्ही नाले फोर-व्हीलमध्ये, लो गिअरमध्ये सावकाश ओलांडले. साडेचारला आम्ही केंद्राच्या फाटकाशी होतो.

रुग्णवाहिका आपल्या जागी उभी होती. मी उतरून आधी तिचेच टायर पाहिले. साधे रस्त्याचे, पण चारही चाकांत हवा सारखी, आणि स्टेपनी दोन वर्षांच्या आतली. चालक हसला. "काकाजी, आता तुम्हीच तपासता का?"

रात्री फराळ चालू असतानाच बोलावणे आले. दूरच्या पाड्यावर एक बाई अडली होती. लेकीने हातातली करंजी तशीच ताटलीत ठेवली, चालकाला हाक मारली, आणि पाच मिनिटांत गाडीचे तांबडे दिवे झाडीत दिसेनासे झाले. पहाटे ती परतली तेव्हा ओवाळणीचे ताट तयार होते. बाई आणि मूल सुखरूप होते.

भावाला ओवाळून झाल्यावर तिने विचारले, "बाबा, यंदा मला काय आणलं?"

मी अंगणात उभ्या असलेल्या जीपकडे बोट दाखवले. तिने मागे लावलेल्या पाचव्या चाकाकडे पाहिले, आणि या वेळी ती हसली.