चिमणराव, पहिल्यापासून

2025 च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेल्याची बातमी वाचली आणि शाळेच्या ऑफिसात बसल्या बसल्या मी दहा वर्षांचा झालो. सन 1978. मे महिन्याच्या सुट्टीत मी बडोद्याहून मुंबईला मामाकडे गेलो होतो. शेजारच्या बिऱ्हाडात टी.व्ही. होता. चिमणराव लागले की सारी चाळ तिथे लोटायची. दिलीप प्रभावळकरांचा तो भित्रा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा दांडगा गुंड्याभाऊ! मुंबई केंद्राचे कार्यक्रम बडोद्यापर्यंत पोचत नसत, म्हणून मी डोळ्यांत प्राण आणून पाहत होतो.

पडद्यावर उजेड पडत होता. मी म्हणालो, "मामी, बारी बंद करू का?"

"बारी? कुणाची बारी?" कुणीतरी विचारले आणि खोलीभर हशा उसळला. खिडकीला आम्ही घरात बारीच म्हणत असू. तो शब्द गुजराती आहे हे मला ठाऊकच नव्हते. लाज झाकायला मी म्हटले, "पण चिमणराव आमच्या बडोद्याचे आहेत. नाना सांगतात." मग तर विचारूच नका. चिमणराव अस्सल पुण्याचे, हे शेंबडे पोरही जाणत होते.

घरी परतल्यावर मी वडिलांना म्हणालो, "नाना, तुम्ही खोटं सांगितलंत." नाना काही बोलले नाहीत. त्या वर्षापासून मी घरात गुजरातीतून उत्तरे देऊ लागलो. ते मराठीत विचारीत, मी गुजरातीत सांगे. हा प्रकार पुष्कळ वर्षे चालला.

नाना खोटे बोलले नव्हते. चिं. वि. जोशी जन्माने पुण्याचे खरे, पण नोकरी बडोद्यात. कॉलेजात पाली शिकवीत, पुढे संस्थानच्या दफ्तरखात्यात अधिकारी झाले. 'एरंडाचे गुऱ्हाळ' (1932), 'चिमणरावाचे चऱ्हाट' (1933) ही पुस्तके त्यांच्या बडोद्याच्या काळातली. घराबाहेर शंभर दुकानांवर गुजराती पाट्या असताना हा गृहस्थ पुण्याचा वाडा, तिथली माणसे आणि त्यांची फजिती लिहीत होता. मला तर वाटते, दूर राहिल्यामुळेच त्यांना पुणे इतके नीट ऐकू आले असावे. दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे एम.ए.ला हे सारे मी परीक्षेसाठी पाठ केले, गुणही मिळविले. नानांना मात्र कधी म्हणालो नाही की तुमचे बरोबर होते. 1994 साली ते गेले. त्यांनी ती मालिका एकदाही पाहिली नाही.

बाळ कर्व्यांची बातमी वाचली त्या रविवारी मुलीला म्हटले, "मला चिमणराव पहिल्यापासून बघायचाय." आम्ही दांडिया बाजार सोडून पूल ओलांडून अकोट्यात आलो, त्यानंतरचा तिचा जन्म. मैत्रिणींशी गुजरातीत, माझ्याशी मराठीत. तिने इंटरनेटवर शोधले, पण हाती लागले ते मोजके तुकडे. त्या काळी दूरदर्शनवर फिती महाग. एक कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा घेत. याच अकोट्याच्या जमिनीतून 1951 साली सहाव्या शतकापासूनच्या जैन कांस्यमूर्ती निघाल्या आणि बडोद्याच्या संग्रहालयात सुखरूप बसल्या. आणि माझ्या लहानपणीचा चिमणराव मात्र अर्धामुर्धाच उरला!

मिळाले तेवढे पाहिले. काळेपांढरे, धूसर चित्र. काही विनोदांवर हसू आले, काही ठिकाणी गती फारच संथ वाटली, हेही कबूल करतो. पण प्रभावळकरांचा तो कापरा, अजीजीचा आवाज जसाच्या तसा कानात होता. मी हसत असताना मुलगी माझ्याकडेच पाहत होती.

"पण बाबा, यातला पहिला भाग कुठला?"

मी उठलो आणि कपाटातून नानांचे 'चिमणरावाचे चऱ्हाट' काढले. बांधणी सुटलेली, पाने तपकिरी. पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागलो. अडलेल्या शब्दाला ती थांबवी, मी सांगे. चार-पाच पाने झाली असतील, तोच विश्वामित्रीकडून वारा सुटला आणि एक सुटे पान उडून खाली पडले. तिने ते झटकन उचलले.

"बाबा, ती बारी बंद करा ना आधी."

मी उठून बारी बंद केली.