साबुदाण्याचे हात

गेल्या जूनमधली गोष्ट. एका कंपनीच्या एच.आर. मॅडमची मुलाखत होती. बाईंनी हसत हात पुढे केला आणि मी चक्क दोन्ही हात जोडून नमस्कार केला. संस्कार वगैरे काही नाही हो! माझ्या बोटांच्या कडांना साबुदाण्यासारखे बारीक, पाण्याने भरलेले फोड आले होते. खाज तर अशी, की रात्री दोन वाजता फ्रीजमधली बाटली हातात धरून बसायचे.

आईने फोनवरच निदान केलं, ‘उष्णता! सब्जा पी.’ रूममेटने गुपचूप स्वतःचा टॉवेल दुसऱ्या दांडीवर टाकला. मी मात्र बिनधास्त. कारण आदल्या वर्षी तीन आठवड्यांत फोड आपोआप सुकले होते, साप कात टाकतो तशी सालं निघाली आणि विषय संपला होता.

या वेळी तळपायांवरही फोड होते. मी शहाणीने ते सेफ्टीपिनने फोडले आणि पावसात ओल्या बुटांनी लोकल पकडत फिरले. चौथ्या दिवशी पाय सुजला, पू झाला. हातातलं एक चांगलं असाइनमेंट गेलं. फ्रीलान्सरला कुठली आलीय सिक लीव्ह!

स्किनच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, पॉम्फोलिक्स. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडबुडा. यालाच डिसहायड्रोटिक एक्झिमाही म्हणतात. १८७३ साली लंडनच्या टिलबरी फॉक्स या डॉक्टरांना वाटलं, घामाच्या ग्रंथी बिघडल्यात, म्हणून त्यांनी ‘डिसहायड्रोसिस’ म्हटलं. समज चुकीचा निघाला, नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि हा एक्झिमा एकाचा दुसऱ्याला होत नाही. (हे रूममेटला दोनदा ऐकवलं.)

‘पण आपोआप जातो ना?’ मी हट्टाने विचारलं.

‘फोड जातात, बरेचदा दोन-तीन आठवड्यांत. पण ते परत येऊ शकतात. आणि तोवर तुम्ही खाजवता, फोडता.’

पायाला बुरशी तर नाही ना, हे बघायला त्यांनी थोडी त्वचा खरवडून घेतली. पायाच्या बुरशीमुळेही कधीकधी हातावर असे फोड उठतात म्हणे! बुरशी निघाली नाही. पायासाठी अँटिबायोटिक, हातांना थोडेच दिवस स्ट्रॉन्ग स्टेरॉइड मलम आणि दिवसातून कितीतरी वेळा जाडसर मॉइश्चरायझर. केमिस्टकडून आणलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब त्यांनी कचऱ्यात टाकायला लावली. टेन्शन, घाम, भांड्यांचा साबण, खोट्या दागिन्यांतलं निकेल, कशानेही हे भडकू शकतं. माझ्याकडे चारही होतं.

आता भांडी मी ग्लोव्हज घालून घासते, खरं तर रूममेटच जास्त घासते. मार्चमध्ये डेडलाइनच्या आठवड्यात दोन बोटांवर पुन्हा साबुदाणा दिसला, तेव्हा सेफ्टीपिन शोधली नाही, डॉक्टरांना फोन केला.

परवा त्याच एच.आर. मॅडम एका कार्यक्रमात भेटल्या. मी ऐटीत हात पुढे केला. त्यांनी वाकून नमस्कार केला!