वरळीचा कोळीवाडा

स्पेन-इटलींतील जुनीं गांवें, तेथील किल्ले व तेथील पक्वान्नें पाहून येणारीं कुटुंबें आतां आमच्या दादर-गिरगांवांतहि पुष्कळ आढळतात. पण इतक्या जवळचा वरळीचा कोळीवाडा पाहिलेला मनुष्य विरळा. कारण विचारावें तर मासळीचा वास! भगवान् व्यासांची माता सत्यवती कोळ्याच्याच घरीं वाढली, याचें मात्र कोणास स्मरण होत नाहीं.

वरळी हें पूर्वीं स्वतंत्र बेट. हॉर्नबी गव्हर्नराच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, महालक्ष्मीकडील खिंडार बांधानें बुजविण्यांत आलें, तेव्हां तें मुंबईस जोडलें गेलें. टोंकावरील किल्ला पुष्कळ लोक पोर्तुगीजांचा समजतात. वस्तुतः तो इंग्रजांनीं १६७५ च्या सुमारास बांधिला. किल्ला लहान आहे. घटकाभरांत पाहून होतो. गोल्फादेवीचें देऊळ मात्र अवश्य पाहावें. देवीस कौल लावल्यावांचून कोळी मोठें कार्य हातीं घेत नाहींत.

परंतु गांवाचें खरें वैभव वलांडीवर टांगलेलें असतें. बोंबिलाच्या अंगीं पाणी फार, म्हणून तो टिकत नाहीं. तेव्हां दोन बोंबिलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर उन्हांत वाळवितात. जवळा व सोडेहि उन्हांतच वाळतात. जून-जुलैंत मासेमारी बंद असते, तेव्हां हीच बेगमी. आमच्या घरच्या बायका उन्हाळ्यांत गच्चीवर कुरडया-सांडगे घालतात, त्यांत आणि यांत आम्हांस तरी कांहीं अंतर दिसलें नाहीं.

कालवणाच्या चवीविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण ओट्यावर बसलेली एक मावशी म्हणाली, “म्हावरं नाय खात तर भाकर तरी खा, गुरुजी!” तांदळाची ती शुभ्र, पातळ भाकरी आम्हीं ओल्या नारळाच्या चटणीबरोबर आनंदानें खाल्ली. घरीं कांहीं मंडळींनीं नाकें मुरडलीं, तीं मुरडोत.

या भाकरीबरोबरचें कालवण टिकेल कीं नाहीं, हा प्रश्न आतां समुद्रांतील खांबांपाशीं येऊन थांबला आहे. २००९ सालीं वांद्रे-वरळी सागरी सेतु झाला. २०२४ सालीं किनारी मार्ग त्यास येऊन मिळाला. होड्यांच्या वाटेवरील दोन खांबांमधील अंतर प्रथम ६० मीटर योजिलें होतें. कोळ्यांनीं १६० मागितलें, काम अडवून धरलें, आणि २०२२ च्या अखेरीस एक खांब गाळून तें १२० मीटर करण्याचें ठरलें. कागदावर हा आंकडा मोठा दिसतो. पण लाटेनें होडी आडवी लोटली म्हणजे त्याच दोन खांबांमध्यें तिला सांवरावें लागतें.

“इतकी जागा पुरेशी नाहीं काय?” असें आम्हीं एका वृद्ध नाखव्यास विचारलें. जाळ्याची गांठ सोडवीत, वर न पाहतां तो म्हणाला, “दर्या गप असला तर पुरते, गुरुजी. श्रावणात येऊन बघा.”