पुढच्या वर्षी नाही हं!

जबलपूरला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून आमचं मुलांचं शिबिर सकाळी सहाला सुरू होतं आणि लू सुटण्याआधी, दहाला संपतं. पण ३० मुलं! कुणाचं ढोपर फुटतं, कुणाला आईच हवी असते. दुपारी माझा घसा बसलेला, पाय सुजलेले. ‘पुढच्या वर्षी नाही हं!’ असं मी यजमानांना दरवर्षी बजावते.

यंदा मुलांना मदनमहालच्या टेकडीवरचा ‘बॅलन्सिंग रॉक’ दाखवला. २२ मे १९९७ च्या भूकंपातही ती तोललेली शिळा पडली नाही, हे ऐकून सगळी गप्प! घरी हिंदीच बोलणाऱ्या एका चिमुरडीने ही हकिगत आजीला चक्क मराठीत सांगितली. आजींचा फोन आला, तेव्हा त्यांचा गळा दाटला होता.

थकवा दोन दिवसांत जातो. असा फोन मात्र वर्षभर पुरतो.