मातीतली तीन नाणी

पुरलेल्या धनाच्या गोष्टी ऐकल्या नाहीत असा मुलगा आमच्या बेळगाव भागात मिळणे कठीण. अमक्याच्या पडवीत हंडा निघाला, तमक्याच्या बांधावर नाग बसतो, वगैरे. आता नागाची जागा यंत्राने घेतली आहे. मामांच्या शेजाऱ्याने धातुशोधक यंत्र आणले आणि दिवाळीच्या सुट्टीत ते मामांच्या शेतातही फिरवले. यंत्र कुळवाच्या तुटक्या फाशीला वाजते, बाटलीच्या बुचालाही वाजते. खाली धातू आहे एवढेच ते सांगते. कोणाचा आणि कधीचा, हे माणसाने वाचायचे. दोन दिवसांत पाटीभर भंगार आणि तीन नाणी निघाली.

मी वाणिज्य शाखेचा. तरी ‘शिकलेला’ म्हणून नाणी माझ्यापुढे आली. मामी चिंच घेऊन घासायला बसलीच होती, तिला आधी थांबवले. तांब्यावरचा हिरवट-काळा थर हा त्याच्या वयाचा दाखला असतो; घासला की अक्षरेही जातात आणि किंमतही.

पहिले नाणे जाड, कडेला वेडेवाकडे. एका बाजूस ‘राजा’ आणि त्याखाली अर्धवट ‘शिव’. दुसरीकडे वर ‘छत्र’, खाली ‘पति’, मधे दोन आडव्या रेघा. दुदांडी शिवराई! १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सुरू झालेला हा पैसा पेशवाईत चालला, आणि पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारनेही काही वर्षे पाडला. हातोड्याच्या ठोक्याने पाडलेला, म्हणून अक्षरे अशी निम्मीच उमटलेली. मराठी शाळेतली बाळबोध अक्षरओळख एवढ्या उपयोगाची असेल असे वाटले नव्हते.

दुसरा कंपनीचा पाव आणा, १८३५ चा. दोन सिंह, इंग्रजी अक्षरे. असे चौसष्ट मिळून एक रुपया.

तिसऱ्यावर मात्र मामांचा जीव. रामदरबार, साल १८१८, ‘अर्धा आणा’. फोनवर कोणीतरी त्याचे पाच लाख देऊ केले होते. आधी नोंदणीचे साडेतीन हजार भरायचे. “लाखाचं हाय म्हणालेत की रे ते!” मामा म्हणाले. सोसायटीचे कर्ज थकलेले, त्यामुळे त्यांना खरे वाटणे साहजिक होते. पण असे नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही. हे देवापुढे ठेवायचे बिल्ले. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपले नाव वापरून असे शुल्क मागितले जाते, त्याला फसू नका, असे रिझर्व्ह बँकेनेच २०२१ साली जाहीर केले होते. आणि खरी शिवराई? इतक्या पाडल्या गेल्या की साधी शिवराई काही शेकड्यांत मिळते.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. पलीकडचा गृहस्थ कन्नड बोलत होता; मामांनी फोन माझ्याकडे दिला. मी कन्नडमधूनच विचारले, नाणे कोणत्या टांकसाळीचे, वजन किती? त्याने बँकेचा खातेक्रमांक सांगायला सुरुवात केली. मी नको म्हणताच फोन बंद.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. सापडलेले द्रव्य दहा रुपयांहून अधिक किमतीचे असेल तर कलेक्टरांना कळवावे, असा दंडक १८७८ च्या कायद्याने घातला, हे मी त्यांना सांगितले. तेव्हा त्यांनी शिवराई आणि पाव आणा फडक्यात बांधून दिवळीत ठेवले. हप्त्याची मुदत मागायला मंगळवारी तालुक्याला जायचेच आहे, तेव्हा तेही दाखवू म्हणाले. बिल्ला मामीने देव्हाऱ्यात ठेवला.